प्रकाशाचा जमाखर्च
फायबर तपासणीची उपकरणे, त्यांची निवड आणि त्यांच्यावरील खर्च

भारतात दूरध्वनी केंद्रे एकमेकांशी जोडण्यासाठी ऑप्टिकल फायबरचा पहिला वापर १९७९ साली पुण्यात झाला, आणि त्यानंतरची बरीच वर्षे ही काचेची तार टाकणारे, जोडणारे व तपासणारे हात बहुतांशी दूरसंचार खात्याचेच राहिले. आज तीच तार तालुक्याच्या गावातील तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीपर्यंत आली आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. दुसरीकडे, एकेकाळी केवळ दूरचित्रवाणीच्या वाहिन्या पुरवणारा गल्लीतला केबलवाला इंटरनेटचा पुरवठादार झाला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये फायबर तयार होते, नवी मुंबईतील डेटा सेंटरांत ते छतापासून जमिनीपर्यंत गुंडाळलेले असते, आणि कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आडवी लोंबणारी तीच केबल ओढून तोडतात. तार इतक्या हातांत गेल्यावर ती तपासण्याची जबाबदारीही त्याच हातांत गेली; मात्र कोणते उपकरण घ्यावे आणि त्यासाठी किती पैसे बाजूला काढावेत याचे शिक्षण त्या हातांना क्वचितच मिळाले.

या क्षेत्रातील खरेदीची सुरुवात बहुधा चुकीच्या टोकाकडून होते. विक्रेत्याचे माहितीपत्रक समोर येते, त्यातील सर्वांत महाग यंत्राची किंमत विचारली जाते, ती परवडत नाही म्हणून त्याच नावाचे स्वस्त यंत्र घेतले जाते, आणि उरलेल्या किरकोळ रकमेत बाकीची हत्यारे बसवली जातात. वास्तविक फायबरच्या जाळ्यात पैशांच्या हिशेबाआधी प्रकाशाचा हिशेब मांडावा लागतो. एका टोकाला किती प्रकाश सोडला, वाटेत किती गळाला, दुसऱ्या टोकाच्या यंत्राला किमान किती हवा आणि मध्ये शिल्लक किती राहिली, या जमाखर्चाला अभियंते ‘लॉस बजेट’ म्हणतात. ज्या जाळ्यात शिल्लक मोठी आहे तेथे ढोबळ मापाचे उपकरण चालते, जेथे ती तुटपुंजी आहे तेथे बारीक मापाचेच लागते. त्यामुळे कोणत्या उपकरणावर किती खर्च करायचा हे ठरवणारा पहिला कागद विक्रेत्याचे दरपत्रक नसून हा ताळेबंद असतो.

हा ताळेबंद डेसिबल या एककात मांडतात. डेसिबल हे लघुगणकी एकक असल्याने त्यात वाटेतील सर्व घट साध्या बेरजेने मोजता येते: ३ डेसिबल गेले म्हणजे प्रकाश निम्मा उरला, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा, २० गेले म्हणजे शंभरावा. प्रत्यक्ष प्रकाशशक्ती मात्र डीबीएममध्ये सांगतात, ज्यात शून्य म्हणजे एक मिलिवॉट आणि उणे ३० म्हणजे एक मायक्रोवॉट. घराघरांत इंटरनेट नेणाऱ्या जीपॉन या पद्धतीत पुरवठादाराकडे ओएलटी नावाचे मुख्य यंत्र असते, ग्राहकाकडे ओएनयू ही पेटी असते आणि मध्ये एका तारेतील प्रकाश अनेकांत वाटणारे, वीज न लागणारे स्प्लिटर असतात. ओएलटीकडून ग्राहकाकडे जाणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि परतीचा १३१० नॅनोमीटरचा असतो. दोन्ही डोळ्यांना अदृश्य असतात. या पद्धतीतील ‘बी प्लस’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या वर्गात एकूण घट २८ डेसिबलपर्यंत चालते, आणि ग्राहकाच्या पेटीला उणे २७ डीबीएमपर्यंतचा, म्हणजे जेमतेम दोन मायक्रोवॉट प्रकाश पुरतो.

तालुक्याच्या एखाद्या गावातील जाळे उदाहरणादाखल घेतले, तर ओएलटीपासून सर्वांत दूरचा ग्राहक सहा किलोमीटरवर आहे आणि वाटेत एकापुढे एक असे आठ वाटांचे दोन स्प्लिटर आहेत, म्हणजे एका पोर्टवर ६४ घरे आहेत, असे मानता येईल. आठ वाटांच्या एका स्प्लिटरमध्ये सुमारे १०.५ डेसिबल जातात, म्हणजे दोहोंत २१. किलोमीटरला पाव डेसिबल धरल्यास तारेत दीड. वितळवून केलेल्या आठ जोडांत प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.८, आणि चार कनेक्टरांत प्रत्येकी ०.३ प्रमाणे १.२. ही बेरीज २४.५ डेसिबल होते. ओएलटीने नियमात बसेल इतकाच कमीत कमी, म्हणजे १.५ डीबीएम प्रकाश सोडला, तर ग्राहकाकडे उणे २३ पोहोचतो आणि चार डेसिबल शिल्लक राहतात. परतीच्या वाटेवर मात्र १३१० नॅनोमीटरला तारेतील घट किलोमीटरमागे ०.३५ असल्याने बेरीज २५.१ वर जाते; ग्राहकाच्या पेटीकडून किमान अर्धा डीबीएम निघतो, ओएलटीला उणे २८ पर्यंतचा कळतो, आणि शिल्लक ३.४ डेसिबलच उरते. ग्राहकाच्या घरी मीटर लावून ‘पॉवर चांगली आहे’ म्हणणारा कर्मचारी खरे बोलत असतो, तरीही जोडणी रोज संध्याकाळी तुटते, याचे कारण पुष्कळदा या परतीच्या वाटेत असते आणि ती वाट त्याच्या खिशातल्या मीटरला दिसतच नाही.

याच्या अगदी उलट परिस्थिती डेटा सेंटरमध्ये आढळते. तेथील तारा शंभर मीटरच्या आत असतात, पण ओएम-४ जातीच्या मल्टिमोड फायबरवरून शंभर गिगाबिट वेगाने चालणाऱ्या एका प्रचलित पद्धतीत शंभर मीटरच्या जोडणीला एकूण १.९ डेसिबल घट एवढीच मुभा असते, आणि त्यातील दीड डेसिबल केवळ कनेक्टरांसाठी राखून ठेवलेले असतात. अशा ठिकाणी ज्या मीटरचे वाचन पाव डेसिबलने इकडेतिकडे होते तो निरुपयोगी ठरतो. प्रकाश मल्टिमोड तारेत कसा भरला जातो यावरसुद्धा प्रमाणित बंधन पाळावे लागते, आणि दोन टोकांना लावायची, एकाच बटनावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण सांगणारी प्रमाणपत्रदायी उपकरणे घ्यावी लागतात, ज्यांच्या जोडीची किंमत लाखांत असते. केबल बसवणाऱ्या कंपनीची दीर्घ मुदतीची हमी त्या अहवालांवर अवलंबून असल्याने तो खर्च तेथे टाळता येत नाही. गावच्या केबलवाल्याने तसली जोडी घेणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी, आणि डेटा सेंटरच्या ठेकेदाराने केबलवाल्याचे मीटर वापरणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक.

दोन्ही जाळ्यांत सारखाच आढळणारा शत्रू मात्र घाण हा आहे, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे ज्या थोड्या बाबींवर एकमत आहे त्यांपैकी ही एक: बिघाडांच्या कारणांत कनेक्टरच्या तोंडावरील धूळ आणि तेलकटपणा फार वरच्या क्रमांकावर असतो. सिंगलमोड फायबरचे बाहेरील काचेचे आवरण १२५ मायक्रोमीटर व्यासाचे असते, पण प्रकाश जातो तो मधल्या सुमारे ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून. तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, ज्याला बाजारात फायबर स्कोप म्हणतात, स्वच्छ कनेक्टर पडद्यावर करड्या रंगाच्या गुळगुळीत वर्तुळासारखा दिसतो आणि त्याच्या मध्यभागी बारीक ठिपका असतो. बोट लागलेल्या कनेक्टरवर त्याच वर्तुळात तेलाचे ओघळ आणि त्यांच्या कडेला चिकटलेले कण दिसतात, आणि शर्टाच्या टोकाने पुसलेल्या कनेक्टरवर धाग्यांचे तुकडे व गाभ्यावरून आडवा गेलेला ओरखडा. धूळ पुसता येते, ओरखडा पुसता येत नाही. शिवाय घाणेरडा कनेक्टर दुसऱ्याला जोडला की कण दोन काचांमध्ये चिरडला जातो आणि समोरचा चांगला कनेक्टरही खराब होतो, त्यामुळे ओएलटीच्या पोर्टवर केलेली एक निष्काळजी जोडणी ६४ घरांना भोवू शकते.

एवढे असूनही लहान पुरवठादारांच्या पेटीत स्कोप अभावानेच सापडतो. तो कशाचेही वाचन देत नाही, कोणताही आलेख काढत नाही, आणि ग्राहकावर त्याची छाप पडत नाही, ही त्याची अडचण असावी. वास्तविक पंधरा-वीस हजारांच्या आसपास मिळणारा पडद्याचा स्कोप आणि काही शेकड्यांत मिळणारा, टक असा आवाज करून कनेक्टरच्या तोंडावरून कोरडा धागा फिरवणारा ‘वन-क्लिक’ क्लीनर या दोन वस्तू जितक्या तक्रारी निकालात काढतात, तितक्या पाचपट किमतीचे यंत्रही काढत नाही. स्कोप घेताना एक पथ्य पाळावे लागते: डोळा थेट भिंगाला लावून पाहायचे जुने, स्वस्त नमुने चालू तारेवर वापरणे धोक्याचे असते, कारण अदृश्य लेझर भिंगातून एकवटून थेट डोळ्यात जातो, म्हणून कॅमेरा आणि पडदा असलेलाच नमुना घ्यावा. त्याच्या टोकाला हिरव्या आणि निळ्या अशा दोन्ही कनेक्टरांसाठी वेगळी टोपणे हवीत. हिरव्या कनेक्टरचे तोंड ८ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते, आणि हे दोन एकमेकांना जोडल्यास मध्ये फट राहून मोठी घट होते. हा प्रकार आजही घरोघरी घडतो, आणि गंमत म्हणजे त्याचा दोष पुष्कळदा ओएनयूच्या पेटीवर ढकलून ती बदलली जाते.

पॉवर मीटर हे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त हाताळले जाणारे उपकरण. पण महाराष्ट्रातील केबल व्यावसायिकांना त्याच्या निवडीत एक खास अडचण येते, जी परदेशी पुस्तिकांत फारशी आढळत नाही. अनेक ठिकाणी त्याच एका तारेतून इंटरनेटसोबत १५५० नॅनोमीटरवर दूरचित्रवाणीचा संकेतही जातो, आणि तो वाढवणाऱ्या ईडीएफए या प्रवर्धकाच्या पोर्टवर २० डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून अधिक शक्ती असू शकते. बाजारात मीटरच्या दोन जाती मिळतात: उणे ७० ते अधिक १० पर्यंत मोजणारी आणि उणे ५० ते अधिक २६ पर्यंत मोजणारी. पहिल्या जातीचा मीटर प्रवर्धकाला लावला तर तो चुकीचे वाचन देतो आणि त्याचा संवेदकही दुखावू शकतो. त्याहून फसवा प्रकार ग्राहकाच्या टोकाला घडतो. साध्या मीटरवर १४९० चे बटन दाबले म्हणजे तो फक्त १४९० चा प्रकाश मोजतो, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात त्या बटनाने केवळ संवेदकाचा गुणक बदलतो, गाळणी लागत नाही, आणि तारेतून येणारा सगळा प्रकाश एकत्रच मोजला जातो. टीव्हीचा संकेत उणे ५ आणि इंटरनेटचा उणे २७ च्याही खाली असेल, तर मीटर निर्धास्तपणे उणे ५ दाखवतो. ग्राहकाच्या ओएनयूवर संकेत तुटल्याचा, ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असतो आणि मीटर मात्र सर्व ठीक असल्याची ग्वाही देत असतो.

यावरचा उपाय म्हणजे पॉन पॉवर मीटर. त्यात तरंगलांबीनुसार गाळण्या असतात, त्यामुळे दोन्ही संकेत वेगवेगळे दिसतात. आणि त्याच्या दोन पोर्टांमधून प्रकाश आरपार जात असल्याने तो ओएलटी व ओएनयू यांच्यामध्ये ठेवून परतीचा १३१० चा संकेतही मोजता येतो. हा परतीचा संकेत अखंड नसतो. प्रत्येक ग्राहकाची पेटी आपली पाळी आल्यावर क्षणभरच बोलते, आणि अशा तुटक स्फुरणांचे मोजमाप साध्या मीटरला जमत नाही. वर मांडलेल्या ताळेबंदात परतीची शिल्लक केवळ ३.४ डेसिबल निघाली होती, हे लक्षात घेतल्यास साध्या मीटरच्या कित्येक पट किमतीचे हे उपकरण चैनीचे का नाही, ते कळून येते. मात्र जाळे ईपॉन की जीपॉन, आणि पुढे एक्सजीएस-पॉनकडे जायचे आहे का, हे आधी ठरवावे, कारण एक्सजीएसमध्ये ग्राहकाकडे जाणारा प्रकाश १५७७ आणि परतीचा १२७० नॅनोमीटरचा असतो आणि जुन्या मीटरच्या गाळण्यांना त्या तरंगलांबी ओळखता येत नाहीत.

लाल प्रकाशाच्या पेनाविषयी, ज्याला व्हीएफएल म्हणतात, थोडक्यात आटोपले तरी चालेल. ६५० नॅनोमीटरचा दिसणारा लेझर तारेत सोडला की मोडलेल्या किंवा दुमडलेल्या जागेतून तो बाहेर फुटतो; पेटीच्या आत, पिवळ्या पॅच कॉर्डवर आणि पिगटेलवर ही युक्ती झकास चालते, काळ्या जाड आवरणाच्या ड्रॉप केबलवर ती फारशी उपयोगी पडत नाही. वेष्टनावर दहा, वीस, तीस मिलिवॉटचे आकडे छापून किंमत वाढवली जाते, पण एक मिलिवॉटच्या वर गेलेला दृश्य लेझर डोळ्यांना बेफिकिरीने सामोरे जाण्याजोगा राहत नाही, आणि पाच मिलिवॉटच्या पुढचा तर सरळ धोकादायक वर्गात मोडतो. गल्लीतील मुले भोवती जमलेली असताना तो वापरला जातो, ही गोष्ट खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

आता ओटीडीआर. १९७६ साली बार्नोस्की आणि जेन्सन या संशोधकांनी मांडलेल्या तत्त्वावर हे यंत्र चालते: तारेत प्रकाशाचा एक छोटा स्पंद सोडायचा, काचेतील सूक्ष्म असमानतेमुळे जो अत्यल्प प्रकाश मागे विखुरतो तो टिपायचा, आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचे. काचेत प्रकाश एक किलोमीटर जायला सुमारे ४.९ मायक्रोसेकंद घेतो, म्हणून जाऊन-येऊन किलोमीटरमागे साधारण १० मायक्रोसेकंद पडतात. पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेषा उमटते. तिच्यातील लहानशी पायरी म्हणजे वितळवून केलेला जोड, टोकदार सुळका आणि त्यामागची पायरी म्हणजे कनेक्टर, आणि रेषा एकदम कोसळून खालच्या खरखरीत मिसळली तर तेथे तार संपलेली वा तुटलेली. एका बाजूने, कोणाच्याही मदतीविना, किती मीटरवर काय झाले आहे हे सांगणारे दुसरे उपकरण नाही, आणि म्हणूनच त्याचा मोह सर्वांत मोठा असतो.

मोहाची किंमत माहितीपत्रकातील ‘डायनॅमिक रेंज’ या आकड्यात दडलेली असते. हा आकडा बहुधा सर्वांत रुंद स्पंद वापरून, तीन मिनिटे सरासरी काढून, संकेत आणि खरखर समान होईपर्यंत ताणून मिळवलेला असतो. जोड नीट वाचता यावा एवढी स्पष्टता हवी असेल तर त्यातून पाच-सहा डेसिबल वजा करावे लागतात. रुंद स्पंदाचा दुसरा तोटा असा, की १० मायक्रोसेकंदांच्या स्पंदाला साधारण एक किलोमीटरच्या आतील दोन घटना वेगळ्या दिसत नाहीत, तर १० नॅनोसेकंदांच्या स्पंदाला एक मीटरवरच्याही दिसतात, पण तो अरुंद स्पंद फार दूर पोहोचत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांना जोडणाऱ्या लांब मार्गासाठी रेंज महत्त्वाची. गावातील जाळ्यासाठी, जेथे इमारतीच्या खोक्यात स्प्लिटर, कनेक्टर आणि जोड काही मीटरांत दाटीने बसलेले असतात, तेथे ‘डेड झोन’ म्हणजे मोठ्या परावर्तनानंतर यंत्र जितक्या अंतरापुरते आंधळे होते ते अंतर लहान असणे अधिक मोलाचे. याच आंधळेपणामुळे तारेचा अगदी पहिला कनेक्टर तपासायचा तर यंत्र आणि तार यांच्यामध्ये काहीशे मीटरची ‘लॉन्च केबल’ जोडावी लागते. दोन-तीन हजारांची ही गुंडाळी न घेता अनेकजण ओटीडीआर वापरतात आणि नेमका सर्वांत जास्त हाताळला जाणारा कनेक्टर न तपासता सोडतात.

दोन तरंगलांबींवर मोजणारे यंत्र घ्यावे, हा सल्ला किमतीच्या वाढीसकट मानण्याजोगा आहे. तार कोठे कोनात दबली असेल तर १३१० वर त्या जागी नगण्य पायरी दिसते आणि १५५० वर ती कित्येक पटींनी मोठी दिसते. वितळवून केलेल्या खराब जोडाची पायरी दोन्हींवर साधारण सारखीच राहते. खिडकीच्या चौकटीत दाबून बसवलेल्या ड्रॉप केबलचा दोष याच फरकावरून कळतो, आणि जोड उकलून नव्याने करण्याचे श्रम वाचतात. चालू जाळ्यात, इतर ग्राहकांची सेवा न तोडता मोजायचे असेल तर १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचे, गाळणी बसवलेले तिसरे पोर्ट लागते. तेही ग्राहकाच्या टोकाकडून वापरावे, कारण ओएलटीकडून पाहिल्यास स्प्लिटरनंतरच्या सर्व शाखांचा परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि कोणती पायरी कोणत्या घराची हे उलगडत नाही.

अंतराच्या अचूकतेवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांचे नुकसान कुदळीने मोजता येते. यंत्रात काचेचा अपवर्तनांक भरावा लागतो, १.४६८ ऐवजी १.४६० राहिला तर आठ किलोमीटरवरचा तुटलेला बिंदू सुमारे ४४ मीटर पुढे दिसतो. शिवाय केबलच्या आत फायबर किंचित सैल, वळसे घेत बसवलेले असते, आणि दर काही खांबांमागे दुरुस्तीसाठी दहा-वीस मीटरचे वेटोळे राखून ठेवलेले असते. त्यामुळे काचेतील अंतर आणि रस्त्यावरील अंतर कधीच जुळत नाही. ज्याने केबल टाकतानाच कोणत्या खांबावर किती वेटोळे सोडले याची वही ठेवली, त्याला साधा ओटीडीआरही नेमकी जागा दाखवतो. वही नसलेल्याला महागडे यंत्रसुद्धा अर्धा रस्ता खणायला लावते. आणखी एक बारकावा: जुन्या जी.६५२ जातीच्या मुख्य तारेला नवी, वाकण्यास सोशीक जी.६५७ जातीची तार जोडली की दोहोंच्या प्रकाशमार्गाच्या व्यासातील फरकामुळे एका बाजूने जोडात घट न दिसता चक्क वाढ दिसते, आणि दुसऱ्या बाजूने अवाजवी घट. खरा आकडा दोन्ही बाजूंच्या वाचनांच्या सरासरीत असतो. ठेकेदाराचे जोड एका बाजूच्या आलेखावरून नाकारणारे अधिकारी आणि स्वीकारणारे अधिकारी, दोघेही अर्ध्याच पुराव्यावर सही करत असतात.

तारा वितळवून जोडणारे स्प्लायसिंग मशीन हे तपासणीचे उपकरण नसले तरी खर्चाच्या वहीत ते त्याच पानावर येते आणि निम्मे पान व्यापते. चिनी बनावटीची यंत्रे पन्नास हजार ते लाखाच्या दरम्यान, तर जपानी नामांकित यंत्रे त्याच्या कित्येक पट किमतीला पडतात. मशीनच्या पडद्यावर जोडानंतर येणारा ०.०१ किंवा ०.०२ हा आकडा मोजलेला नसून कॅमेऱ्याच्या प्रतिमेवरून केलेला अंदाज असतो, हे विसरून तोच आकडा तपासणीचा पुरावा म्हणून दिला जातो. ठिणगीची तीव्रता हवेचा दाब, आर्द्रता आणि तापमान यांवर अवलंबून असल्याने कोकणातील दमट किनाऱ्यावर नीट बसवलेले मशीन महाबळेश्वरला नेल्यावर पुन्हा जुळवून घ्यावे लागते. तार कापणाऱ्या क्लीव्हरचे बोथट पाते आणि झिजलेले इलेक्ट्रोड वेळेवर बदलले तर स्वस्त मशीनही चांगले जोड देते.

प्रत्यक्ष रकमेकडे वळायचे तर काहीशे ग्राहक असलेल्या आणि स्प्लायसिंग मशीन आधीच घेतलेल्या पुरवठादाराने एक लाख रुपये केवळ तपासणीसाठी ठेवले, असे समजू. बाजारभाव चढ-उतारांचे असले तरी ढोबळ मानाने त्यातील चाळीस हजारांत दोन तरंगलांबींचा छोटा ओटीडीआर येतो. पंधरा हजार स्कोपला आणि तितकेच पॉन मीटरला द्यावेत. दोन साधे मीटर, एक प्रकाशस्रोत आणि दोन लाल पेने दहा हजारांत बसतात. लॉन्च केबल, वन-क्लिक क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कागद यांना आठ हजार. आणि उरलेले बारा हजार खर्च न करता दुरुस्ती व कॅलिब्रेशनसाठी राखावेत. या उपकरणांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे राखीव रकमेसह पूर्ण लाख खर्च झाल्यास अठरा हजार रुपये आणखी हाताशी हवेत. नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याचे क्रेडिट मिळते, पण ते पुढे, आणि विक्रेत्याने विवरणपत्र भरले तरच. याउलट ज्याच्याकडे पन्नासच ग्राहक आहेत त्याने ओटीडीआर घेऊच नये असे म्हणण्याचे धाडस करायला हरकत नाही; स्कोप, पॉन मीटर आणि लाल पेन एवढ्यावर त्याचे नव्वद दिवसांतले ऐंशी निभतात, आणि उरलेल्या दिवसांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी स्प्लायसिंग करणारा ठेकेदार आपला ओटीडीआर घेऊन रोजाने येतो.

ज्यांना सरकारी वा मोठ्या कंपन्यांच्या मार्गांचे ठेके घ्यायचे आहेत त्यांचा हिशेब निराळा. तेथे बिल मंजूर होते ते प्रत्येक फायबरचे आलेख जोडल्यावर, आणि ते ‘एसओआर’ या सर्वमान्य स्वरूपातील फाइलमध्ये मागितले जातात. स्वतःच्याच स्वरूपात आलेख साठवणारा किंवा केवळ पडद्याचे छायाचित्र देणारा स्वस्त ओटीडीआर कितीही अचूक असला तरी तेथे कुचकामी ठरतो. निविदेत अनेकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे, मुदतीत असलेले कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागतात, म्हणून यंत्राच्या किमतीत दरवर्षीचे कॅलिब्रेशन आणि तेवढे दिवस यंत्र हाताशी नसण्याचा तोटा मिळवूनच तुलना करावी. एक्सफो, व्हियावी, अँरित्सू, योकोगावा यांसारख्या नामांकित यंत्रांची जास्तीची किंमत पुष्कळ अंशी याच बाबींची असते: पोर्टचा कनेक्टर बदलून मिळणे, सुटे भाग अनेक वर्षांनीही उपलब्ध असणे, आणि वाचनातील अनिश्चितता लेखी दिलेली असणे. अनामिक यंत्राचा बॅटरी-पॅक दोन वर्षांनी बसतो तेव्हा तसाच पॅक बाजारात उरलेला नसतो.

अनामिक आणि नवी नामांकित यंत्रे या दोहोंच्या मध्ये, वापरलेल्या नामांकित यंत्रांची बाजारपेठ आहे, आणि सावधपणे पाहिल्यास लहान ठेकेदाराला तीच सर्वांत किफायतशीर पडते. असे यंत्र घेताना आधी स्वतःच्या स्कोपने त्याच्या पोर्टचे तोंड पाहावे, कारण शेकडो जोडण्यांनंतर तेथे पडलेला ओरखडा प्रत्येक आलेखाच्या सुरुवातीला फुगीर डेड झोन बनून दिसतो. पोर्ट हिरव्या कनेक्टरचे आहे की निळ्या, हे तपासावे. नेमकी लांबी ठाऊक असलेली तारेची गुंडाळी सोबत नेऊन दोन्ही तरंगलांबींवर तीच लांबी येते का ते मोजावे. सर्वांत रुंद स्पंदावर खरखर कोठे सुरू होते ते पाहून मूळ माहितीपत्रकातील रेंजशी ताडावे, कारण थकलेला लेझर तेथे सर्वांत आधी उघडा पडतो. आणि शेवटी यंत्र चार्जरविना तासभर चालवून पाहावे.